चौदा डबे आणि एक चौकशी

लोकांची लग्नं कशानं मोडतात? भाऊबंदकीनं मोडतात, मानपानानं मोडतात, मुलाच्या दारूनं मोडतात. माझं जुळत आलेलं लग्न वायफायनं मोडलं. हसा, हसा! आधीच हसून घ्या, म्हणजे मधे मधे थांबायला नको. आणि चहा गरम आहे तोवर संपवा, कारण हे सांगताना माझं डोकं तापतं आणि समोरचा चहा गार होतो, असा अनुभव आहे.

तर मी मिलिंद. वय चौतीस, बायोडेटात बत्तीस. राहायला कर्जतला, भिसेगावात. घरात आई आणि मी. खालापूरच्या बाजूला एक मोठं गोदाम आहे, साबणापासून कुकरपर्यंत सगळा माल तिथून ट्रकनं बाहेर जातो. तिथला नेटवर्कवाला म्हणजे मी. रोज बाइकनं जायचं, रोज बाइकनं यायचं. गोदामात कुणाचं काही चाललं नाही की माझं नाव निघायचं. सगळं नीट चाललं असलं की मी अस्तित्वातच नाही.

आता थोडं कामाचं सांगतो. थोडंच! कंटाळू नका, यातच माझं वाटोळं आहे.

गोदामाच्या छताला चौदा वायफायचे डबे होते. आम्ही त्यांना एपी म्हणतो, बाकी सगळे डबेच म्हणतात. हमालांच्या हातात स्कॅनर असतो. खोक्यावर धरला की टीं वाजतं आणि त्या खोक्याची नोंद होते. वायफाय गेलं तर तो स्कॅनर नुसता लाल दिव्याची बॅटरी. नोंद नाही तर खोकं हलत नाही, खोकं हलत नाही तर ट्रक हलत नाही.

या चौदा डब्यांतला एक डबा मुकादम होता. म्हणजे कंट्रोलर त्याच्या पोटातच बसवलेला. बाकीचे तेरा त्याचं ऐकायचे आणि मुकादम माझं ऐकायचा. अख्ख्या गोदामात माझं ऐकणारं कुणी होतं ते एवढंच.

मग पुण्याच्या हेड ऑफिसातून फर्मान आलं. आता एकच मोठा कंट्रोलर पुण्यात बसणार, सगळ्या गोदामांचे डबे त्याच्या हुकमात चालणार. तुमचे सगळे डबे लाइटवेट मोडमध्ये टाका, मुकादमासकट. लाइटवेट म्हणजे वजन कमी करायचं असं नाही हो. डोकं काढून घ्यायचं! डब्यानं स्वतः काही ठरवायचं नाही, बारीकसारीक सगळं पुण्याला विचारायचं. आमच्या कंपनीत माणसांचं हे कधीच झालं होतं, आता डब्यांची पाळी आली एवढंच.

पुण्याच्या साहेबांनी फोनवर तीन तीनदा बजावलं. "रविवारी करा. गोदाम बंद असतं. आमचा कंट्रोलरही रविवारीच तुमच्यासाठी उघडणार आहे. एकेक डबा बदला. तो माझ्या यादीत दिसला, मी हो म्हटलं, की मग पुढचा. मुकादम सगळ्यात शेवटी. घाई करायची नाही."

"नाही साहेब," मी म्हणालो. "घाई कशाला?"

घाई कशाला! सांगतो कशाला ते.

त्याच महिन्यात शोभामावशींनी एक स्थळ आणलं होतं. मावशी म्हणजे आमच्याच गल्लीतल्या, आईच्या मैत्रीण. मुलगी खोपोलीची, नाव प्रज्ञा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. याआधी मी अकरा ठिकाणी पोहे खाल्ले होते. अकराही ठिकाणी एकच प्रश्न, "पर्मनंट हाय का?" मी कॉन्ट्रॅक्टवर आहे म्हटलं की पोह्यांवरचं खोबरंसुद्धा वाळल्यासारखं दिसायला लागायचं.

प्रज्ञानं तसलं काही विचारलं नाही. आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं तर म्हणाली, "तुमचं नेमकं काम काय असतं?" अकरा ठिकाणी कुणी हे विचारलं नव्हतं! मी तिला मुकादम डब्याची सगळी हकिगत सांगितली. ती हसली. "म्हणजे तुम्ही डब्यांचे साहेब." वर हेही विचारलं, "पण मुकादमच बंद पडला तर?" इतका शहाणा प्रश्न मला आमच्या मॅनेजरनं सहा वर्षांत विचारला नव्हता. मला ती आवडली. सरळ सांगतो, फार आवडली. त्या दिवशी घरी येताना मी पळसदरीच्या वळणावर बाइक थांबवून उगाच डोंगराकडे बघत बसलो होतो, म्हणजे बघा.

आणि आठ दिवसांनी तिचाच मेसेज. 'रविवारी भेटू का, खोपोलीत? मला सुट्टी रविवारीच असते.'

रविवारी! आता कळलं घाई कशाला?

पण थांबा, अजून एक गोष्ट राहिली. चौकशी. आपल्याकडे पोहे झाले, मुलामुलीची पसंती झाली तरी चौकशी झाल्याशिवाय कुणी होकार देत नाही. प्रज्ञाला वडील नाहीत, त्यामुळे सगळं तिच्या मामांच्या हातात. मामा पोह्यांच्या दिवशी गावाला गेलेले, मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यांनी मला नाही. मावशींनी कानात सांगितलं, "मामा कधीबी जातील रं तुझ्या कंपनीत. न सांगता. माणसं तयार ठेव."

माणसं तयार ठेव म्हणजे? ठेवली! गेटवरच्या वॉचमनला आठ दिवस वडापाव चारला. कुणी माझं विचारायला आलं तर काय बोलायचं ते त्याच्याकडून पाठ करून घेतलं. 'निर्व्यसनी, कष्टाळू, आईला देवासारखं मानतो.' कॅन्टीनवाल्या काकूंनाही पढवलं. काकू तर इतक्या रंगल्या की त्यांनी मला एकदा पुरातून माणूस वाचवायला लावलं. मी म्हटलं, "काकू, पूर नको. निर्व्यसनी पुरे."

अशी जय्यत तयारी. आणि रविवार मोकळा करायचा म्हणून मी डब्यांचं काम गुरुवारी काढलं. जेवणाच्या सुट्टीत. अर्ध्या तासात चौदा डबे! एकेक कशाला? लॅपटॉपवर चौदाही डब्यांना एकदम निवडलं. 'खात्री आहे का?' असं त्यानं विचारलं सुद्धा. मशीननं विचारलं हो! मी 'हो' दाबलं आणि जेवणाचा डबा उघडून आईनं दिलेली शेपूची भाजी खायला बसलो.

चौदाही डबे बंद पडून पुन्हा चालू झाले. डोकं गेलेलं. चौदाही जण पुण्याला विचारायला लागले, 'साहेब, आता काय करू?' आणि पुण्याचा कंट्रोलर आमच्यासाठी उघडणार होता रविवारी! तिकडे दार बंद, इकडे मुकादमही आता मुकादम राहिलेला नाही. छताकडे बघितलं तर चौदा दिवे लुकलुकतायत. पुण्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये.

सुट्टी संपली. पहिल्या हमालानं स्कॅनर धरला. टीं नाही. दुसऱ्यानं धरला. नाही. पाच मिनिटांत साठ माणसं हातात ते ठोकळे घेऊन एकमेकांकडे बघत उभी. पाऊण तासात ट्रकांची रांग गेटबाहेर, तासाभरात रस्त्यापर्यंत. ड्रायव्हर खाली उतरले. त्यातला एक दांडगा ओरडत होता, "कोन हाय तो नेटवर्कवाला? एकदा दाखवा मला, त्याचंच नेटवर्क काढतो!"

मी काय केलं असेल? पुढे होऊन म्हणालो असेन, 'मित्रांनो, चूक माझी आहे'? अजिबात नाही! गळ्यातलं ओळखपत्र खिशात घातलं. सुनील नावाच्या आमच्या हमालाचं हेल्मेट खुंटीला होतं, ते डोक्यावर चढवलं. त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत 'सुनील' लिहिलेलं. आणि शिडी उचलून गोदामाच्या पार मागच्या कोपऱ्यात गेलो. एकेका डब्याला केबल जोडून त्याला हातानं पूर्वपदावर आणायचं, असा विचार. कारण खरं होतं, पण कोपरा निवडला तो लपायला, हे आज कबूल करतो.

शिडीवर चढतोय तोच मागच्या दारातून एक माणूस आत आला. पन्नाशीचा, जाडजूड, पांढरा शर्ट, घामानं निथळलेला. पुढच्या गेटाला ट्रकांनी बूच मारलेलं, म्हणून मागून आलेला. चेहरा असा की आत्ता कुणाला तरी धरील.

"ओ भाऊ," तो खालून म्हणाला, "हितं नेटवर्कचं काम बघतो तो पोरगा, मिलिंद म्हनून, कुठं हाय?"

मेलो! मनात म्हटलं, ट्रकांचा मालक आला. बाहेर याचेच चार ट्रक अडकलेले असणार. मी शिडी घट्ट धरली. "तो? दिसला नाही बुवा. का?"

"नाय, त्याच्याबद्दल जरा माहिती पायजे व्हती. तुमी वळखता त्याला?"

"तोंडओळख," मी म्हणालो.

"कसा हाय कामाला?"

आता तुम्हीच सांगा. बाहेर चाळीस ट्रक अडकलेले असताना कुणी 'कसा आहे कामाला' विचारलं तर तुम्ही काय समजाल? मला वाटलं, हा हेड ऑफिसला तक्रार करणार आणि साक्षीदार गोळा करतोय. मग आपण त्याच्याच बाजूनं बोललेलं बरं! शत्रूच्या गोटात शिरलं की मार बसत नाही.

"कामाला?" मी हेल्मेट आणखी खाली ओढलं. "बाहेर रांग बघितली ना? त्याचंच कर्तृत्व आहे ते. एकेक करून करायचं काम, यानं चौदा डबे एकदम उडवले."

"आरं तिच्या! म्हंजे ह्ये रोजचंच का?"

"रोजचं नाही. पण घाईचा फार. आणि काम बिघडलं की हा गायब. आत्ताही कुठंतरी तोंड लपवून बसला असेल. दुसऱ्याच्या नावाआड लपायचं, खापर दुसऱ्यावर फोडायचं, ही त्याची जुनी खोड."

का बोललो मी एवढं? देव जाणे. एकदा सुरुवात झाली की स्वतःची निंदासुद्धा गोड लागते हो. शिवाय समोरचा माणूस इतकं मन लावून ऐकत होता!

"पितोबितो का?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं.

मनात आलं, याला वाटतंय पोरगा कामावर पिऊन आला होता. "डोळ्यांनी पाहिलं नाही," मी म्हणालो. "पण आज जे केलं ते शुद्धीतला माणूस करील का, तुम्हीच सांगा."

तो "हं" म्हणाला. असा लांबलचक हं. मग म्हणतो, "घर कुठं त्याचं? भिसेगावात सोताचं हाय म्हनं."

घर! हा घरी येऊन मारणार! आई घरी एकटी. आता काहीही करून याला भिसेगावापासून लांब ठेवायला हवं.

"कसलं स्वतःचं? भाड्याचं. तेही आज आहे, उद्या नाही. आणि घरी जायच्या भानगडीत पडू नका हं. आई असते त्याची. अतिशय भांडखोर बाई! गल्लीत कुणाशी पटत नाही. माणूस दारात दिसला की अंगावर येते."

माझी आई! जी शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर परत करताना वर दोन चमचे जास्त घालते, ती आई.

पांढऱ्या शर्टानं रुमालानं मान पुसली. मग वर बघून म्हणाला, "तुमी खरं बोल्लात, बरं झालं. आजकाल कोन खरं बोलत नाय. जातो मी. जय भीम."

"जय भीम," मी सवयीनं म्हणालो.

तुमच्या लक्षात आलं ना सगळं? आलंच असणार, पहिल्या दोन वाक्यांतच आलं असणार. माझी ट्यूब 'जय भीम'लासुद्धा पेटली नाही. मी मनात एवढंच म्हटलं, ट्रकवाला आपल्यातला निघाला, निदान शिवी तरी दिली नाही.

साडेचारला पुण्याच्या साहेबांची मीटिंग संपली. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्यांनी कंट्रोलर तिकडून उघडला आणि वीस मिनिटांत चौदाही डबे पुण्याच्या यादीत जाऊन बसले. टीं टीं टीं! ट्रक हलले. माझी शिडी, माझी केबल, माझा कोपरा, कशाचीच गरज नव्हती. नुसतं गप्प बसून राहिलो असतो तरी चाललं असतं. मॅनेजर "रविवार म्हणजे रविवार" एवढंच बोलला. नोकरी वाचली. सुटलो, असं म्हणत मी घरी आलो आणि प्रज्ञाला मेसेज टाकला, 'रविवारी नक्की.' उत्तर आलं नाही.

उत्तर घेऊन शुक्रवारी संध्याकाळी शोभामावशी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"नाय म्हनाले," त्या आईला म्हणाल्या. "मामा काल कंपनीत जाऊन आले. तिथल्या एका मानसानंच सांगितलं. पोरगा कामाचा नाय, पितो वाटतं, घर भाड्याचं, आनि..." मावशी अडखळल्या.

"आनि काय? सांग की!" आई म्हणाली.

"आनि आई भांडखोर हाय."

मी तिथंच जेवत बसलो होतो. पांढरा शर्ट, घाम, 'कोन खरं बोलत नाय'... सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. ते मामा होते!

आई जी सुरू झाली! "मी भांडखोर? कोन तो मुडदा? जिभेला हाड हाय का त्याच्या? माज्या पोराचं जमत आलेलं मोडलं मेल्यानं! त्याच्या घरी कंदी बाशिंग दिसनार नाय, सांगून ठेवते!" बोलता बोलता ती माझ्याच ताटात भाकरी वाढत होती. "तू खा रं. तू कशाला तोंड पाडतोस? तुजी काय चूक?"

लाज वाटली, खूप वाटली. पण तो मुडदा मीच, हे न सांगता भाकरी मोडत राहिलो.

आणि जाता जाता दारात मावशी वळल्या. "मिलिंद, एक इचारू का रं? मामांनी इचारायला सांगितलंय. तुमच्या कंपनीत सुनील म्हनून कोन हाय? तोच तो, ज्यानं सांगितलं. मामांना लय भला मानूस वाटला. आपल्यातलाच हाय म्हनं. त्याचं लगीन झालंय का?"

घ्या! मिलिंद नापास, सुनील पहिल्याच फेरीत पसंत. खरा सुनील पंचावन्न वर्षांचा आहे, दोन नातवंडांचा आजा. मी मावशींना म्हणालो, "बघतो विचारून." खोटं बोलायची सवय इतक्या लवकर जात नाही.

शनिवारी दुपारी धीर केला. गोदामाच्या मागच्या दाराबाहेर उभं राहून प्रज्ञाला फोन लावला. मनात हिशेब असा, की सगळं खरं सांगून टाकायचं. ती शहाणी आहे, तिला हसू येईल. हसली की अर्धं काम झालं. मग मामांचं तीच बघेल.

सगळं सांगितलं. चौदा डबे, शेपूची भाजी, हेल्मेट, शिडी, काही म्हणता काही लपवलं नाही. आणि हसली हो ती! काकूंच्या पुरावर हसली. माझ्या आईला मी भांडखोर म्हणालो त्यावर "अरे देवा!" म्हणाली. माझ्या जिवात जीव आला.

"म्हणजे तो भला माणूस तुम्हीच?" तिनं विचारलं.

"मीच!" मी जवळजवळ ओरडलोच.

"मामांनी मला सगळं सांगितलंय. घर भाड्याचं, दारू, आई भांडखोर. ते सगळं खोटं होतं तर."

"साफ खोटं!"

"आणि ते दुसरं? काम बिघडलं की गायब होतो, दुसऱ्याच्या नावाआड तोंड लपवतो?"

"ते मी असंच... म्हणजे घाबरून..."

"हो, पण त्यात खोटं काय होतं?"

एवढं विचारून ती "काळजी घ्या" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी चाळीस ड्रायव्हर, साठ हमाल, वॉचमन आणि काकू, एवढी माणसं होती गोदामात. पण माझ्याबद्दल खरी माहिती देणारा एकच निघाला, आणि नेमका तोच मामांना भेटला.